हलका हात

"हात हलका ठेव. आणि तोंडातून शब्द काढू नकोस."

हे माझ्या सासूबाईंचे शब्द. त्यांना आम्ही आत्याबाई म्हणायचो. त्यांना जाऊन तेव्हा अठरा वर्षं झाली होती. पण सांगलीतल्या त्या खोलीत पंख्याखाली बसले असताना ते वाक्य अगदी कानाशी आलं, आणि मी मागे वळून बघितलं.

"कोण आहे मागे?" समोरच्या बाईंनी विचारलं.

"कुणी नाही. सासूबाई."

"त्या आल्यात का बरोबर?"

"त्या वारल्या."

बाईंनी मान हलवली आणि वहीत काहीतरी लिहिलं. मी मनात म्हटलं, झालं. आपण वेड्यात जमा.

तासगावात आमचं बांगड्यांचं दुकान. आम्ही जातीचे कासार. खाली दुकान, वर बिऱ्हाड. लग्न होऊन आले तेव्हापासून मी बांगड्या भरायला बसत होते आणि माझा हात हलका म्हणून आसपासच्या गावांत नाव होतं. नवरी असो, बाळंतीण असो, माझ्या हातून बांगडी चढताना कुणी 'आई गं' म्हटलं नाही. आत्याबाई गिऱ्हाइकांना सांगायच्या, "आमच्या धाकटीच्या हातात लोणी आहे."

ते लोणी वितळून सात वर्षं झाली होती. उजव्या मनगटात कळ उठायची ती कोपरापर्यंत चढायची. पट्टे झाले, शेक झाले, तीन प्रकारची तेलं झाली. मिरजेत नसांची तपासणी झाली, मोठ्या यंत्रात घालून फोटो काढले. तिथल्या डॉक्टरांनी तो फोटो उजेडाला धरला आणि म्हणाले, "आजी, हात ठणठणीत आहे. असा हात माझा असता तर मी क्रिकेट खेळलो असतो." त्यांचा आनंद बघून मलाच ओशाळल्यासारखं झालं.

दुकानातलं भरणं बंद पडलं. बायका यायच्या, माझ्या पट्ट्याकडे बघायच्या आणि पुढच्या महिन्यात येते म्हणून जायच्या. ते एक वेळ सोसलं असतं. पण मी रोज एकशे आठ वेळा रामनाम लिहिते, ते डाव्या हातानं लिहायची पाळी आली. अक्षरं अशी यायची की खुद्द रामालाही आपलं नाव लागलं नसतं. गंध उगाळायचं डाव्या हातानं, आरती डाव्या हातानं. गुरुजींना विचारलं तर म्हणाले, "देव हात बघत नाही, भाव बघतो. फक्त दक्षिणा तेवढी उजव्या हातानं द्या." मी देवाजवळ एवढंच मागत होते, की उजवा हात परत दे. तुझ्यासाठी आणि गिऱ्हाइकासाठी.

मागायचा मला हक्क आहे असं वाटायचं. सोळा सोमवार दोनदा केले होते. चातुर्मासात जेवताना मौन. संकष्टी, एकादशी कधी चुकली नाही. घेतलेलं व्रत मी आयुष्यात टाकलं नव्हतं, आणि याचा मला थोडा गर्वही होता. तो आता कबूल करते.

तर ही सांगलीची वाट मला माझ्या लेकीनं, वैजूनं दाखवली.

"आई, कधी कधी जुना धक्का मनात राहतो आणि दुखतं शरीर," ती म्हणाली. "त्याच्यावर उपचार असतात. बोलून करतात."

"म्हणजे मला वेड लागलंय म्हण की."

"तू सोळा सोमवार केलेस ना? मग आता सहा मंगळवार कर."

लेक आईला बरोबर ओळखते. मी गेले.

वार ठरवतानाच गंमत झाली. फोनवर बाईंनी विचारलं, "सोमवारी याल?" मी म्हटलं, "उपास असतो, एसटीत चक्कर येते." "गुरुवारी?" "दत्ताचा." "शनिवारी?" "मारुतीचा." मग त्या म्हणाल्या, "तुम्ही जेवता कधी?" मी म्हटलं, "मंगळवारी. पण अंगारकी नसेल तर."

बाईंचं नाव मृण्मयी शेंडे. वैजूहून लहान असाव्यात. केस कापलेले, आवाज माझ्यासारखाच हळू. पण माझी नजर गेली ती हातांकडे. एका मनगटावर घड्याळ आणि दुसरं मोकळं. कासारणीला मोकळं मनगट बघवत नाही. भुकेलं पोर बघितल्यासारखं होतं.

"तुमचं माप सव्वादोन," मी बसल्या बसल्या सांगितलं.

"कसलं?"

"बांगडीचं. लांबून कळतं मला."

त्या हसल्या. "मग आपण तुमच्या दुखण्याचंही माप घेऊ. शून्य म्हणजे काही नाही, दहा म्हणजे सहन न होणारं. आज किती?"

मला ते दहापैकी जमेना. मी म्हटलं, "आज अडीच." त्या खूश झाल्या. मग मी सांगितलं, अडीच म्हणजे आमच्यात मोठं माप, थोराड बाईचं. त्याच्या खाली सव्वादोन, मग दोन, मग पोरीबाळींची आणि सगळ्यांत शेवटी बाळमाप. त्यांनी आधीचं खोडून तेच लिहून घेतलं. पुढे कायम विचारायच्या, "काय इंदुमतीबाई, या आठवड्यात कुठलं माप?"

आणि पहिल्याच दिवशी त्यांनी मला एक विचारलं, जे सात वर्षांत एकाही डॉक्टरनं विचारलं नव्हतं. "पहिल्यांदा दुखलं तो दिवस आठवतो?"

आठवत होता. वैजूच्या लग्नाचा हिरवा चुडा मी स्वतः भरला. शेवटची बांगडी चढवताना कळ आली ती आलीच.

"त्या वेळी मनात काय आलं?"

तेव्हा ते वाक्य ऐकू आलं. हात हलका ठेव.

"सासूबाई तुम्हाला बांगड्या भरायला शिकवताना म्हणायच्या का तसं?" बाईंनी विचारलं.

मी "हो" म्हटलं. मंगळवार होता, उपास नव्हता, तरी खोटं बोलले. घरी येऊन एक माळ जास्तीची केली.

दुसऱ्या मंगळवारी मी खोटं परत घेतलं. तिसऱ्या मंगळवारी बाई म्हणाल्या, "दुखणं खोटं नाही तुमचं. तपासण्या झाल्यात, हाताला इजा नाही, हेही खरं. पण जे झालं ते संपलं, हे हाताला अजून कुणी सांगितलेलं नाही. आपण सांगू या. डोळे मिटा. झालं असं म्हणू नका, आत्ता होतंय असं सांगा. थांबावंसं वाटलं तर हात वर करा, मी थांबवीन."

त्यांनी माझाच फोन टेबलावर ठेवून आवाज उतरवून घ्यायला लावला. मी जे बोलले ते असं.

मी बावीस वर्षांची आहे. थोरले दीर यल्लम्माच्या यात्रेत दुकान लावायला गेलेत. माझ्या थोरल्या जाऊबाई, गोदाक्का, अठ्ठावीसच्या आहेत. मार्गशीर्षातल्या गुरुवारांसाठी गेल्या आठवड्यात मीच त्यांना बांगड्या भरल्यात. हिरव्या. डाव्या हातात सहा, उजव्यात पाच. सकाळी निरोप येतो. परत येताना टेम्पो उलटला. दीर गेले. दुपारी त्यांना आणतात. गल्लीतल्या जुन्या बायका परसात जमतात, त्यातली एक हातात दगड घेऊनच आलेली आहे. आत्याबाई तिच्याकडे बघतात. तिनं आमच्या शेजारणीच्या बांगड्या कशा ओढून फोडल्या, मनगट कसं चिरलं, ते सगळ्यांनी बघितलंय. आत्याबाई सगळ्यांना बाहेर काढतात. कुणीतरी म्हणतं, "अहो, सवाशिणीच्या हातानं?" आत्याबाई परसाचं दार लावून कडी घालतात. आत आम्ही तिघीच. त्या माझ्या हातात दगड देतात. पोटचा मुलगा पुढच्या खोलीत आहे, पण त्यांचा आवाज कापत नाही. म्हणतात, "माझा हात थरथरतोय. तुझा हात हलका आहे. तिला लागता कामा नये. हात हलका ठेव. आणि तोंडातून शब्द काढू नकोस." आक्का आपणहून मनगट धुण्याच्या दगडावर ठेवतात. मी एक एक फोडते. मी भरलेल्या बांगड्या मी फोडते. शेवटच्या वेळी काच उडते आणि आक्कांच्या डाव्या मनगटातून रक्त येतं. माझा हात हलका राहिला नाही. अकरा भरल्या होत्या, दहा फोडल्या. अकरावी कुठं गेली देव जाणे.

एवढंच. दहा मिनिटांत आटपलं. छत्तीस वर्षं मी ते कुणाला सांगितलं नव्हतं. आक्का आणि मी एका चुलीवर जेवत होतो, एका देव्हाऱ्यापुढे बसत होतो. त्यांच्या डाव्या मनगटावरचा तो वण मी कधी बघितला नव्हता. म्हणजे बघायचा नाही असं मी ठरवलं होतं.

बाईंनी पाण्याचा पेला पुढे केला. "आता हे रोज एकदा ऐकायचं," त्या म्हणाल्या. "ठरलेल्या वेळी. तीन आठवडे. आधी दुखणं वाढेल, घाबरू नका, मला फोन करा. एकटीला जड वाटलं तर कुणी आपलं माणूस जवळ बसवा."

त्या बोलल्या तीन आठवडे. मी ऐकलं एकवीस दिवस.

आणि एकवीस दिवस म्हटल्यावर संकल्प आला. दुसऱ्या दिवशी मी न्हाऊन, दिवा लावून, देवापुढे पाणी सोडलं. फोन पाटावर ठेवला आणि त्याला हळदकुंकू वाहिलं. मग अडचण लक्षात आली. ही तर कहाणीच झाली, आणि कहाणी एकटीनं ऐकायची नसते. हातात अक्षता घेऊन समोर कुणी बसावं लागतं, मधे मधे 'हं' म्हणावं लागतं. नाहीतर ती देवाला पोचत नाही, असं मी लहानपणापासून मानत आलेय. पण ही कहाणी ऐकवायची कुणाला? यांना ऐकवणं शक्य नव्हतं, गेलेला भाऊ यांचाच. वैजू पुण्याला. माझ्या कहाणीला ऐकणारी पाहिजे होती आणि न ऐकणारीही पाहिजे होती.

दोन्ही आक्कांत सापडलं. त्यांना दहा वर्षं कमी ऐकू येत होतं. वैजूनं कानाचं मशीन आणून दिलं होतं, ते आक्कांनी डबीत ठेवलं होतं, सोन्याच्या कुड्यांसारखं. खाली मिरवणुकीतला बँजो वाजला तरी त्या विचारायच्या, "कुणी आलं का गं?"

"आक्का, बसा जरा," मी ओरडून सांगितलं. "कहाणी ऐकायचीय."

"कुठल्या देवाची?"

"नवीन आहे! सांगलीच्या बाईंनी दिलीय!"

"ऑ?"

"हाताची!"

"हं," म्हणाल्या आणि ओंजळ पुढे केली. मी त्यात अक्षता घातल्या.

फोनचा आवाज मी अगदी बारीक ठेवायची, खाली दुकानात हे असायचे म्हणून. आक्का भिंतीला टेकून, डोळे मिटून बसायच्या. मधे मधे 'हं' म्हणायच्या, झोपेत म्हणावं तसं. संपल्यावर मी खूण केली की अक्षता देवाला वाहायच्या आणि विचारायच्या, "आज काय भाजी?"

पहिला आठवडा वाईट गेला. माप अडीचच्या वर गेलं, तसं माप आमच्या दुकानातही नाही. रात्रभर हात उशीवर ठेवून पडायची. बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "तुम्ही सोडणार असाल तर मला सांगा, रागावणार नाही." मी म्हटलं, "बाई, सोडायचं कसं? संकल्प सोडलाय ना." त्यांना ते सोडणं की धरणं कळलं नसावं.

दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी मी गंध उगाळलं आणि उगाळून झाल्यावर लक्षात आलं, की ते उजव्या हातानं. त्याच आठवड्यात पुढे रामनामाची वही उघडली. तिरकी का होईना, पण रामाला आपलं नाव वाचता यावं अशी अक्षरं आली. माप सव्वादोन, मग दोन. मंगळवारी बाई म्हणाल्या, "छान चाललंय. जवळ कुणाला बसवता का?"

"जाऊबाईंना."

त्यांचं पेन थांबलं. "त्याच जाऊबाई?"

"त्यांना ऐकू येत नाही," मी म्हटलं.

बाईंनी पेन खाली ठेवलं. "इंदुमतीबाई, नक्की?"

मला जरा रागच आला. एका घरात छत्तीस वर्षं राहून मला माहीत नसणार? एक गोष्ट मात्र मी तेव्हा मनावर घेतली नाही. आक्का अक्षता देवाला वाहायच्या तेव्हा ते तांदूळ ओले असायचे, तळव्याला चिकटलेले. मला वाटलं, उकाडा.

एकविसाव्या दिवशी उद्यापन. मी खीर केली. वेलदोडा आक्कांना आवडतो म्हणून जास्त घातला. दिवा लावला, फोन पाटावर, अक्षता आक्कांच्या ओंजळीत. माझा आवाज बोलत गेला. निरोप आला, दार लागलं, दगड आला, काच उडाली. त्या दिवशी मला ते लांबून बघितल्यासारखं वाटलं, दुसऱ्याच्या अंगणातलं. अकरा भरल्या होत्या, दहा फोडल्या. अकरावी कुठं गेली देव जाणे.

फोन थांबला.

"देव कशाला?" आक्का म्हणाल्या. "मी जाणे की."

मी वळून बघितलं. त्यांनी डोळे उघडले होते.

"तुम्हाला ऐकू येतं?"

"सगळं न्हाई येत. पण रोज तेच तेच कानावर पडलं की बहिरी बाईबी शिकंल." त्यांनी ओंजळीतले तांदूळ देवाला वाहिले, सावकाश उठल्या आणि आपली ट्रंक उघडली. तळातून एक जुन्या लुगड्याचा तुकडा काढला. ट्रंकेत कानाच्या मशीनची डबीही होती. रिकामी. मशीन पदराखाली कानात होतं.

लुगड्याच्या तुकड्यात हिरवी बांगडी होती. सव्वादोन. हात न लावता मला कळलं.

"निरोप आला तवा मोरीत गेले," आक्का म्हणाल्या. "साबण लावला. एक निघाली. दुसरी निघंना, तू घट्ट भरत हुतीस. तेवढ्यात आत्याबाईंनी हाक मारली. कशाला काढून ठेवली ते माझं मलाबी ठावं न्हवतं."

मी त्यांच्या पायाशी बसले. "आक्का, तुमचं मनगट चिरलं. माझ्या हातून."

"तुझ्या हातून कशाला? शेवटच्या टायमाला मीच हात ओढला. दगडापाशी वाकून पुढची खोली दिसत न्हवती, ह्यांना ठिवलं हुतं तिकडं बघायचं हुतं मला." त्यांनी वणावर अंगठा फिरवला, भिंतीवरचा डाग पुसावा तसा. "एवढ्यासाठी हाताला पट्टा बांधून फिरलीस? इचारायचंस की."

"आत्याबाईंनी बोलू नको म्हटलं होतं. मी एक शब्द बोलले नाही."

"बोललीस की."

"नाही हो आक्का. मी रोज ऐकलंय. बोलले नाही."

"ते तुझ्या फोनमध्ये न्हाई. माझ्या कानात हाय. तवा माझा कान चांगला हुता." आक्का पुढे वाकल्या आणि हळू आवाजात, जणू परसाचं दार अजून लागलेलं आहे अशा आवाजात म्हणाल्या, "रक्त पुसताना म्हणालीस, 'आक्का, मी परत भरीन.' म्हणून तर ही बांगडी ठिवली. म्हटलं, चला, मापाला झाली."

मला आठवेना. मग आठवलं. बाईंच्या समोर सांगताना, एकवीस दिवस ऐकताना जे सापडलं नव्हतं, ते आलं. माझा पदर, त्यांचं मनगट, आणि माझंच कुजबुजणं.

"शंकराचे सोळा सोमवार केलेस," आक्का म्हणाल्या. "दोनदा. गणपतीच्या चतुर्थ्या केल्यास, दत्ताचं केलंस, मारुतीला तेल घातलंस. सगळ्यांचं फेडलंस. माझंच तेवढं राहिलं. म्हटलं, मी काय देव न्हाई, माझा नंबर शेवटी लागंल."

त्यात कडवटपणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

"तुम्ही कधी म्हणाला नाहीत," मी म्हटलं.

"व्रत तू घेतलं हुतंस. आठवण मी करून द्यायची?"

खाली हे कुणाशी तरी बोलत होते. खीर गार होत होती. मी आक्कांचा डावा हात हातात घेतला. छत्तीस वर्षांत पहिल्यांदा. अंगठा तळव्यात दुमडला, बोटांची हाडं जवळ दाबली, कासार घेतात तसं माप घेतलं. मनगट जाड झालं होतं, सांधे फुगले होते. वण पांढरा होता, एवढासा. तांदळाच्या दाण्याएवढा.

"अडीच लागेल," मी म्हटलं.

"अडीच म्हातारीला भर. मला सव्वादोन आण."

"आक्का, हाड वाढलंय. दुखेल."

"तुझा हात हलका हाय की," आक्का म्हणाल्या.

"लोक काय म्हणतील?"

"काय म्हणायचं ते म्हणू दे." त्यांनी कानातलं मशीन काढलं आणि डबीत ठेवलं. "मला ऐकायला येत न्हाई."

मी पट्टा सोडून पाटाजवळ ठेवला. हात अजून दुखत होता, नाही असं नाही. आजही थंडीत दुखतो. पण त्या दिवशीचं माप विचाराल तर बाळमाप. जिना उतरून दुकानात आले. यांनी गल्ल्यावरून विचारलं, "कोण आलंय?"

"गिऱ्हाईक," मी म्हटलं.

हिरव्या काचेचा खोका वरच्या फळीवर होता. मी उजव्या हातानं तो खाली घेतला. सव्वादोनच्या काढल्या, एक एक उजेडाला धरून, चीर नाही ना बघत. दहा मोजल्या. अकरावी वर होती. त्या पदराखाली धरल्या आणि आवाज होऊ न देता जिना चढायला लागले.